सवय लागली की जाणीव जाते... मग आपल्याला नक्की हवंय तरी काय?

खिडकी

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती रोमात (म्हणजे फक्त वाचत) होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

झालं असं की गेले अकरा महिने मी एक सवयींचं ॲप वापरतेय. रोज नऊ गोष्टी. चालणं, पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसणं, दहा पानं वाचन, अंथरूण आवरणं, झोपायच्या आधी एक तास फोन बंद, रात्री डायरीत तीन ओळी (आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं) वगैरे. टिक केली की हिरवा गोळा येतो. माझे जवळपास सगळे गोळे हिरवे आहेत आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा जाम अभिमान होता.

परवा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या टिका मारत होते. 'शांत बसणे' वर बोट गेलं, टिक झाली, गोळा हिरवा झाला, आणि एकदम वाटलं, आज बसले होते का मी? आठवेचना. सकाळचं सगळं आठवून बघितलं, दाराची बेल, मुलाची हरवलेली वही, सगळं आठवलं, पण ती पाच मिनिटं काही सापडली नाहीत. मग उठून डायरी काढली. सलग तीन आठवडे त्याच तीन ओळी. घर, तब्येत, माणसं. क्रमसुद्धा तोच.

तर प्रश्न असा. आपण म्हणतो चांगल्या सवयी लावा, आणि त्याच दमात म्हणतो जाणीवपूर्वक जगा. पण सवय म्हणजे तर जे न कळत होतं ते! एकदा अंगवळणी पडलं की लक्ष उडतं. मग या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट नाहीत का? की माझंच काहीतरी चुकतंय?

आरंभशूर

अकरा महिने?? ताई, इथे नव्याचे नऊ दिवस म्हणतात त्यातला मी अजून पाचवा दिवस पाहिलेला नाही. मला फक्त दर्शन द्या.

टिंगलटवाळ

'झोपायच्या आधी एक तास फोन बंद' याची टिक अंथरुणात पडून नेमकी कशावर मारता? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

खिडकी

@टिंगलटवाळ 🙈 अकरा महिन्यात हे मला एकदाही सुचलं नाही. हाच तर धाग्याचा विषय आहे.

दीडशहाणा

नऊ सवयी एकदम लावल्या तर हेच होणार. एक सवय घ्यायची, २१ दिवस न चुकता करायची, मेंदूत पक्की झाली की पुढची. २१ दिवसांचं शास्त्र आहे त्यामागे.

शंकासुर

आलो. मला माहीतच होतं कोणीतरी २१ काढणार.

दीडशहाणे, ते शास्त्र वगैरे काही नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रियेनंतर पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण २१ दिवस तरी लागतात. १९६० साली त्यांनी हे पुस्तकात लिहिलं, 'कमीत कमी' असं म्हणून लिहिलं. पुढे सांगणाऱ्यांनी 'कमीत कमी' गाळलं, चेहरा गाळला, उरलं फक्त २१.

प्रत्यक्ष मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी, २०१० साली छापून आलं. ९६ जण, प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक गोष्ट निवडायची, दिवसातल्या एका ठरावीक प्रसंगाला जोडायची आणि ८४ दिवस करायची. 'आता ही आपोआप होते' या पातळीच्या जवळ पोचायला मधला आकडा आला ६६ दिवस. कमीत कमी १८, जास्तीत जास्त २५४.

आता ८४ दिवसांच्या प्रयोगात २५४ कुठून आले असं कोणी विचारायच्या आत सांगतो, तो आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. आणि ते ६६ सुद्धा ज्यांचा आलेख नीट बसला अशा ३९ जणांचे आहेत. म्हणजे आता २१ च्या जागी ६६ चा ताईत गळ्यात बांधू नका. त्यातलं माझ्या मते सगळ्यात कामाचं वाक्य वेगळंच आहे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही.

आरंभशूर

@शंकासुर शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. फक्त एखादा दिवस *केला* तर काय होतं त्यावर पण अभ्यास असेल तर बघा.

गोगलगाय

मी आकडेवाली नाही, माझा अनुभव लिहिते. मला चालायला जायचं होतं, वर्षानुवर्षं जायचंच होतं. दर वेळी तासभर जाईन असं ठरवायचे आणि घोडं पेंड खायचं ते दारातच. मग एकदा वैतागून ठरवलं की चालायचं नाहीच. फक्त संध्याकाळी घरी आल्यावर पिशवी ठेवली की बूट घालायचे आणि दाराबाहेर उभं राहायचं. एवढंच. उभं राहून परत यायची पूर्ण मुभा.

पहिल्या आठवड्यात दोनदा खरंच नुसती उभी राहून परत आले, शेजारच्या आजी विचारायला लागल्या काही हरवलंय का. पण बूट घालून माणूस किती वेळ उभा राहणार? आता दोन वर्षं होतील. ॲप नाही, टिक नाही, किती चालले ते माहीत नाही. कधी दहा मिनिटं, कधी तास.

खिडकी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही पण एक सांगू का, मी बूट घालते ते अजिबात लक्ष न देता. आणि मला ते तसंच हवंय. विचार केला तर मी घरीच बसेन.

रात्रपाळी

या विषयावर बोलायचंच होतं. मी रुग्णालयात नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. 'पहाटे पाचला उठा, आयुष्य बदला' असं कोणी म्हणलं की मला हसावं का रडावं कळत नाही, पहाटे पाचला मी उठलेलीच असते, आदल्या संध्याकाळपासून! माझी सकाळ दुपारी तीनला होते. सुरुवातीला मी पण अशी घड्याळाची यादी केली होती, सहाला हे, सव्वासहाला ते. पाळी बदलली की यादी मेली. मग वाटायचं मलाच शिस्त नाही.

नंतर कधीतरी कळलं की घड्याळाला बांधायचंच नाही, प्रसंगाला बांधायचं, जसं गोगलगायचं पिशवी ठेवली की बूट. माझं, घरी येऊन हात धुतले की दहा मिनिटं पाठीचे व्यायाम. मग ते सकाळी साडेआठला असो की रात्री. हात तर मी कुठल्याही पाळीत धुतेच 😄

आणि अजून एक, लवकर उठणारे चांगले आणि उशिरा उठणारे आळशी हे बंद करा कृपया. कोण लवकरचा पक्षी, कोण रात्रीचा, यात काही वाटा जनुकांचा असतो, वयानेही बदलतं, वयात येणाऱ्या मुलांचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं ते काही त्यांच्या खोडसाळपणामुळे नाही. सात तास झोप मिळाली का हे विचारा, कितीला उठलात हे नको.

शंकासुर

@रात्रपाळी +१००. तुम्ही जे अनुभवातून काढलंत त्यावर पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने आयुष्य घालवलंय. 'मी व्यायाम करीन' हा नुसता संकल्प, आणि 'अमुक झालं की लगेच तमुक करीन' ही योजना. दुसऱ्या प्रकाराने माणसं ठरवलेलं पार पाडण्याची शक्यता चांगलीच वाढते, २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र करून बघितल्या तरी परिणाम दिसला. कारण साधं आहे, 'कधी करू' हा निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो, त्या क्षणी मनाशी घासाघीस करायला वाव राहत नाही.

कोरडापाषाण

धागा वाचून थकवा आला. नऊ सवयी, हिरवे गोळे, ६६ दिवस. स्वतःला सुधारायचा हा जो कायमचा प्रकल्प चाललाय ना, त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, मी आहे तसा पुरेसा नाही. मग आयुष्यभर दुरुस्ती चालू, घर कधी राहायला मिळतच नाही. आमच्या आधीच्या पिढ्या डायरीत कृतज्ञता न लिहिता जगल्याच की. शांत बसायचं असेल तर बसा, त्याला नाव कशाला, मिनिटं कशाला आणि पुरावा कुणाला द्यायचाय?

टिंगलटवाळ

कोरडापाषाण यांनी रोज एका धाग्यावर विरजण घालायची सवय किती दिवसात लावली? शंकासुर, नोंद घ्या.

कोरडापाषाण

@टिंगलटवाळ १८. जन्मजात गुण होता.

मधलाबाबा

@कोरडापाषाण तुमचं अर्धं पटतं. पुरावा कुणाला हा प्रश्न तर जबरीच आहे. पण सुधारणा म्हणजे नेहमी स्वतःवरची नाराजी असं नसतं हो. माझं सांगतो.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ती माझ्याशी बोलायला आली की आधी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवायची आणि मग बोलायची. मला ते लाडिक वाटायचं, मी कौतुकाने सांगायचो लोकांना. एकदा ती आजोबांशी बोलत होती, हनुवटीला हात न लावता, सरळ. तेव्हा ट्यूब पेटली. ती हनुवटी फक्त माझीच धरायची, कारण फक्त माझंच तोंड फोनमध्ये असायचं.

तेव्हापासून संध्याकाळी सात ते नऊ फोन ड्रॉवरमध्ये. पहिला आठवडा भयंकर गेला, हात आपोआप खिशाकडे जायचा, ड्रॉवरमधून आवाज आल्यासारखे वाटायचे. दुसऱ्या आठवड्यात तर मी इतका कंटाळलो की तिच्याबरोबर कोडं सोडवायला बसलो आणि त्यातही मधेच 'एक मिनिट, ऑफिसचं बघून येतो' म्हणून दोनदा उठलो. तिसऱ्यांदा ती म्हणाली बाबा ड्रॉवर झोपलाय. आता ठीक चाललंय. हनुवटी परवा एकदा धरली तिने, तेव्हा मी फोनमध्ये नव्हतो, नुसताच कुठेतरी हरवलो होतो. म्हणजे फोन ड्रॉवरमध्ये जातो, डोकं जाईलच असं नाही, हेही कळलं.

यात मी स्वतःवर नाराज होतो का, होतो. पण चुकीचं होतं का?

कोरडापाषाण

@मधलाबाबा नाही. हे वेगळं आहे. तुम्हाला कोणासाठी बदलायचंय ते माहीत होतं. माझा राग गोळ्यांवर आहे.

अवलीआजोबा

गोळ्यांवरून आठवलं. दहा हजार पावलांचा आकडा कुठून आला माहीत आहे का? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव आधी, शास्त्र मागून. आणि आमचे चिरंजीव रात्री पावणेबाराला त्या आकड्यापायी पलंगाभोवती प्रदक्षिणा घालतात. मी एकदा विचारलं कुठला नवस आहे, तर म्हणे बाबा आठशे राहिलीत.

मीही फार शहाणा नाही. मला घड्याळ भेट मिळालं तेव्हा ते मी नातवाच्या हातात बांधलं होतं एक दिवस. संध्याकाळपर्यंत बावीस हजार. सूनबाईंनी माझं अभिनंदन केलं.

आरंभशूर

आजोबा, नातू भाड्याने मिळेल का?

पेन्सिल

कृतज्ञतेच्या ओळींबद्दल थोडं. खिडकी, तुझं 'घर, तब्येत, माणसं' वाचून अगदी स्वतःला बघितल्यासारखं झालं, माझं 'सूर्य, श्वास, आई' होतं!! नुसतं आरती म्हणल्यासारखं.

यावर एक गंमत वाचली होती. कृतज्ञतेच्या नोंदींचा प्रसिद्ध प्रयोग एमन्स आणि मॅक्कलो यांचा, २००३ चा, त्यातला एक गट रोज नाही, आठवड्यातून एकदा लिहायचा, दहा आठवडे. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी बघितलं तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बरं वाटलं, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. लेखकांचा अंदाज असा की जास्त वेळा केलं की त्यातलं ताजेपण जातं. म्हणजे खिडकीचा प्रश्न फक्त खिडकीचा नाहीये.

मी काय केलं तर 'कृतज्ञ' शब्दच काढून टाकला. आता फक्त एक ओळ, आज असं काय दिसलं जे काल नव्हतं. अट एकच, आधी लिहिलेलं चालणार नाही. त्यामुळे काय होतं, दिवसा डोळे उघडे ठेवावे लागतात नाहीतर रात्री लिहिणार काय! मागच्या महिन्यातली एक ओळ सांगते: 'जिन्यावरचे काका शीळ घालतात आणि तिसऱ्या मजल्यावर नेमकी चुकतात.' रोज घालत असणार ते, मला चार वर्षं ऐकू आली नव्हती.

आणि हो, जमलं नाही तर रिकामी तारीख ठेवते. महिन्यात सात-आठ रिकाम्या असतात.

शंकासुर

शीळवाले काका मस्त.

पण आता उलट बाजूने वकिली करतो. सगळीकडे जाणीव हवी कशाला? दात घासताना दात घासण्याकडेच लक्ष द्या, पायऱ्या चढताना पायऱ्यांकडे, असं सांगतात. मला माझ्या कामातल्या बऱ्याच अडचणींची उत्तरं दात घासतानाच सुचली आहेत. मन भटकणं हा काही रोग नाही.

रात्रपाळी

@शंकासुर पण यावरही तुमच्याकडे अभ्यास असेलच की, आणि तो तुमच्या विरोधात असेल 😛

शंकासुर

पकडलं. आहे. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट, २०१०. २२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, बरं वाटतंय का. जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं, आणि दुसरीकडे असताना लोक सरासरीने कमी खूश होते.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. त्यातच आहे की सुखद गोष्टींकडे भटकलेलं मन हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा दुःखी नव्हतं. त्रास तटस्थ आणि कटकटीच्या विचारांचा. तेव्हा माझं दात घासणं सुरक्षित आहे.

आणि सवयीच नसत्या तर आपण वेडे झालो असतो. वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना दर तासाला काय करताय, काय विचार करताय ते लिहायला लावलं, तर साधारण ४३ टक्के गोष्टी रोजच्याच, त्याच जागी केलेल्या आणि करताना डोक्यात बहुतेक वेळा भलतंच. ते ४३ टक्के पण प्रत्येक वेळी ठरवून करायचे झाले तर दुपारपर्यंत माणूस आडवा.

दीडशहाणा

म्हणजे शेवटी इच्छाशक्ती संपते हेच ना? म्हणून महत्त्वाची कामं सकाळी करावीत, बॅटरी फुल्ल असते तेव्हा.

शंकासुर

दीडशहाणे, तुम्ही मला मुद्दाम चेंडू टाकताय का? इच्छाशक्ती बॅटरीसारखी संपते ही कल्पना १९९८ पासून फार गाजली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांवर सगळीकडे एकच ठरलेली पद्धत वापरून ती तपासली, परिणाम जवळजवळ शून्य. वाद अजून चालू आहे, पण 'शास्त्र आहे' असं छातीठोक म्हणू नका.

दीडशहाणा

मी आता फक्त +१ देणार.

अनवाणी

बरेच दिवस धागा वाचतेय, आज लिहिते. मी मुलांना पेटी शिकवते. खिडकीने विचारलेला प्रश्न आमच्याकडे रोज येतो, फक्त दुसऱ्या कपड्यात.

नवीन मूल पेटीवर बसतं तेव्हा त्याचं सगळं लक्ष बोटात असतं. कुठलं बोट कुठे. त्याला आपण काय वाजवतोय ते ऐकूच येत नसतं, खरंच ऐकू येत नाही, बेसूर वाजलं तरी चेहऱ्यावर काही नाही. मग तोच पलटा शंभर वेळा, दोनशे वेळा घासून बोटं सवयीवर जातात. आणि त्या दिवशी मूल पहिल्यांदा मान वर करतं आणि ऐकतं. बोटं मोकळी झाली म्हणून कान उघडले. म्हणजे सवयीने जाणीव जाते हे बरोबर, पण ती बोटातून जाते आणि दुसरीकडे जायला मोकळी होते. कुठे जाते हा खरा प्रश्न. कानात गेली तर संगीत, खिडकीबाहेर गेली तर नुसती खडखड.

गोगलगाय बूट न बघता घालते, पण बाहेर पडल्यावर काय बघते ते तिलाच विचारा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. चूकही तितकीच पक्की बसते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, आधी कुठेतरी दोन वर्षं शिकलेला, फार जलद हात. पण एका जागी अंगठा चुकीचा घ्यायचा. त्याला सांगून उपयोग नव्हता, त्याला ते दिसतच नव्हतं. तो तुकडा इतका हळू वाजवायला लावला की दोन सुरांमध्ये जांभई देता यावी. तेव्हा त्याला स्वतःचा अंगठा दिसला. रडकुंडीला आला होता, म्हणाला मला आता साधं वाजवतासुद्धा येईना. महिनाभर तो आधीपेक्षा वाईट वाजवत होता. तर आमच्यात सवय लावून मोकळं होता येत नाही, अधूनमधून ती उसवून बघावी लागते. रोज नाही, रोज उसवली तर वाजवणार कधी. पण काहीतरी खटकलं की.

खिडकी, तुला परवा रात्री खटकलं. माझ्या लेखी ती पाच मिनिटं तू शांत बसलीस की नाही यापेक्षा हे मोठं आहे.

पेन्सिल

अनवाणी, हा प्रतिसाद वाचून गप्प बसले थोडा वेळ. वाखुसा (वाचनखूण साठवायची सोय) नाहीये इथे नाहीतर साठवला असता.

टिंगलटवाळ

मी पण गप्प बसलो होतो. पाच मिनिटं. टिक मारून घेतो.

गोगलगाय

@अनवाणी विचारलंच आहे तर सांगते, बहुतेक वेळा काहीच बघत नाही, डोक्यात उद्याची कामं. पण रस्त्याच्या वळणावर एक झाड आहे, तिथे आपोआप मान वर जाते, आता त्याला कावळ्याचं घरटं आहे म्हणून. ती सवय का जाणीव, देव जाणे.

नवाभिडू

थोडं वेगळं लिहितो, जमल्यास समजून घ्या. गेल्या वर्षी मी नैराश्यात होतो, निदान झालेलं, औषध चालू होतं. तेव्हा असे धागे वाचून मला फार अपराधी वाटायचं. लोक नऊ सवयी पाळतात आणि मला दात घासायला उठणं होत नाही. कोणीतरी म्हणायचं छोटी सुरुवात कर, आणि मला ती छोटी पण डोंगराएवढी. तेव्हा प्रश्न शिस्तीचा नव्हताच, आजाराचा होता, आणि तो डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी हाताळला. माझ्या थेरपीत पुढे रोजच्या छोट्या कृती ठरवून करणं हा भाग होताच, पण टप्प्याटप्प्याने आणि कोणी सोबत असताना.

सांगायचं एवढंच की कोणाला आठवडेच्या आठवडे काहीच होत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर त्याला ॲप सुचवू नका, डॉक्टरकडे न्या.

रात्रपाळी

@नवाभिडू लिहिलंत ते फार बरं केलंत. आता कसं आहे?

नवाभिडू

बरं आहे. दात घासतो. मन भटकत असतं 😊

अवलीआजोबा

अवांतर, पण बेंजामिन फ्रँकलिनची वही आठवली. तरुणपणी त्याने तेरा गुणांची यादी केली, आठवड्याला एक गुण, चुकलं त्या दिवशी काळा ठिपका. तेरा आठवड्यांनी फेरी पूर्ण, वर्षात चार फेऱ्या. म्हणजे तुमचं ॲपच, फक्त उलट्या हिशोबाचं, तो चुकांना खूण करायचा. आणि त्याला सगळ्यात जास्त छळलं कशाने, तर व्यवस्थितपणाने! वस्तू जागच्या जागी ठेवणं त्याला शेवटपर्यंत नीट जमलं नाही, त्याने स्वतःच कबूल केलंय. हे वाचलं तेव्हापासून माझ्या टेबलाकडे मी जरा प्रेमाने बघतो.

कोरडापाषाण

चुकांना खूण करायची ही कल्पना मला त्यातल्या त्यात बरी वाटली. निदान प्रत्येक ठिपक्याला काहीतरी आठवावं लागत असेल.

खिडकी

मंडळी, उशीर झाला उत्तर द्यायला. सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा.

काय केलं ते सांगते. ॲप काढलं नाही, पण नऊपैकी सहा गोष्टी त्यातून काढल्या. अंथरूण आवरणं वगैरे आता मी तशीही करतेच, त्याला टिक कशाला. फोनची टिक टिंगलटवाळ यांच्या कृपेने हद्दपार, फोन आता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो. गजराचं घड्याळ आणलं. पहिल्या दिवशी ते वाजलं तेव्हा घरात सगळे घाबरून उठले.

डायरीला पेन्सिलची अट लावली. पाच दिवसात तीन रिकाम्या. हिरवे गोळे बघायची इतकी सवय झालेली की रिकामी तारीख बघून पोटात कसंतरी होतं. कोरडापाषाण, तुमचा 'पुरावा कुणाला' तेव्हा आठवतो, आणि तुमचा रागही येतो.

शांत बसण्याचं मात्र अजून कळलेलं नाही. अनवाणी म्हणाली तसं उसवून बघितलं, म्हणजे जागा बदलली, वेळ बदलली, मिनिटं लावली नाहीत. काल बसले तर सगळा वेळ विचार करत होते की हे धाग्यावर कसं लिहू. पण निदान बसले होते हे आज आठवतंय.

पेन्सिल

@खिडकी दोन ओळी भरल्या त्यात काय लिहिलंस? सांगण्यासारखं असेल तरच.

खिडकी

एक: 'मुलाची वही फ्रिजवर होती.' दुसरी नाही सांगणार.

आरंभशूर

माझा पण अहवाल. गोगलगाय यांचा प्रयोग धाग्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केला. चार दिवस बूट घातले, बाहेर उभा राहिलो, तीनदा चाललो. पाचव्या दिवशी विसरलो, शंकासुरांचं वाक्य फ्रेम केलं नव्हतं तरी आठवलं म्हणून सहाव्या दिवशी परत. आज अकरावा, म्हणजे नव्याचे नऊ उलटून गेले, घरात कोणाचा विश्वास बसत नाहीये.

आज मात्र बाहेर मुसळधार पाऊस. बूट घातले आणि घरातच दाराशी उभा राहिलो दोन मिनिटं. हे चालेल का?

गोगलगाय

चालेल.

टिंगलटवाळ

तो नाही चालला तरी?

गोगलगाय

तरी चालेल.